ओढ्यापर्यंतची बोळवण

एकदा एका वृद्ध कोशकाराकडे एक शिष्य होता, आणि त्या शिष्याला फार घाई होती. घाईला कारणही तसेच होते. आचार्य गेली चाळीस वर्षे जुन्या पोथ्यांतले शब्द वेचून कोश रचत होते. लोकांच्या तोंडातून केव्हाच निघून गेलेले, पण ओव्यांत आणि आख्यानांत कुठेतरी जपून राहिलेले असे ते शब्द. कोश संपत आला होता, आणि आचार्यांचे डोळेही संपत आले होते. वैद्यांनी पापणी वर करून पाहिली आणि सांगितले, "दसऱ्यापर्यंत अक्षर दिसेल. पुढचं मी सांगत नाही." तेव्हा श्रावण अर्धा झाला होता.

शिष्याचे नाव सांगून विशेष काही साधणार नाही. आपण त्याला शिष्यच म्हणू. वय तिशीचे, बुद्धी तल्लख, अक्षर वळणदार. आमटीत मीठ कमी पडले आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागे. 'आमटी' हा शब्द कोठून आला असावा हे मात्र तो न विचारता सांगे. अशी माणसे कोशाला फार उपयोगी पडतात, पंगतीला जरा कमी.

कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक शब्दाला वीतभर कागदाची एक पट्टी. वर शब्द, खाली अर्थ, आणि त्याखाली निदान दोन साक्षी, म्हणजे तो शब्द ज्यांत आला आहे अशा जुन्या ग्रंथांतल्या दोन जागा. निडळ म्हणजे कपाळ. वोखद म्हणजे औषध. वोसंग म्हणजे मांडी. तिथे एका पोथीतली साक्ष होती, 'माथा ठेविला वोसंगीं। निद्रा आली न मागतां ॥' शिष्य पट्टी लिही, आचार्य ती भिंगाखाली धरून वाचत, आणि पटली तर उजव्या कोपऱ्यात हिंगुळाचा लाल ठिपका देत. ठिपका पडला की पट्टी दोऱ्यात ओवायची. ज्या पट्टीवर ठिपका नाही ती कोशात नाही, आणि एक जरी पट्टी बिनठिपक्याची राहिली तरी कोश पुरा झाला असे म्हणायचे नाही. हा नियम आचार्यांनी स्वतःच केला होता आणि ठिपका देण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या हाती कधी दिले नव्हते.

आता डोळे मोजके दिवस सोबत करणार हे कळल्यावर कोणीही शहाणा माणूस एकेक घटका जपून वापरील. आचार्यांचे तसे नव्हते. त्या काळी जुनी पोथी कोणी हातची सोडत नसे. पोथीचा मालक स्वतः ती घेऊन येई, शब्द उतरवून होईपर्यंत आचार्यांकडे मुक्काम करी आणि पोथी पुन्हा बासनात बांधून घरी नेई. त्यामुळे घरात पाहुण्यांची ये-जा असे. आणि पाहुणा निघाला की आचार्य हातातले काम ठेवून उठत, वहाणा घालत आणि त्याच्याबरोबर चालू लागत. गावाबाहेर अर्ध्या कोसावर ओढा होता. तिथपर्यंत जायचे, पाहुणा पाण्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे, आणि मग हळूहळू एकट्याने परत यायचे. पाहुणा मोठा पंडित असो की उंबऱ्याबाहेरूनच जेवणाचे पान मागून घेणारा एखादा गोसावी, यात खंड नसे.

शिष्य एकदा धीर करून म्हणाला, "आचार्य, इथूनच नमस्कार केलात तर चालणार नाही का? जाण्यायेण्यात आपल्या सहा पट्ट्या बुडतात."

"सहा बुडतात खऱ्या," आचार्य म्हणाले आणि पायाने वहाणा चाचपू लागले.

श्रावणाच्या अखेरीस सगुणाबाई आल्या. दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका खेड्यातून आलेल्या या वृद्ध विधवा बाई. त्यांच्या घरी एका राजकन्येच्या स्वयंवराची जुनी कथा होती, पिढ्यानपिढ्या चालत आलेली. यजमान होते तोवर ते रोज ती मोठ्याने वाचत आणि या ऐकत. बाईंना अक्षर वाचता येत नव्हते, पण पोथी पाठ होती. एखाद्या पानावरची शाई उडालेली असली आणि शिष्य भिंग लावून अडखळू लागला, की स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता त्यांचा आवाज येई आणि पुढची ओळ पुरी होई. शिष्य ती ओळ लगेच उतरवून घेई. 'उपकार झाले' हे म्हणायचे त्याला सुचत नसे, कारण त्याचे लक्ष पुढच्या शब्दावर गेलेले असे.

याच पोथीत त्याला 'बोळवण' या शब्दाची दुसरी साक्ष सापडली. आज आपण हा शब्द कोणाला थोडक्यात वाटेला लावण्यासाठी वापरतो, नुसत्या आश्वासनावर बोळवण केली असे म्हणतो. जुन्या पोथ्यांत तो हलका झालेला नव्हता. शिष्याने लिहिले, 'बोळवण : पाहुण्याबरोबर काही अंतर जाऊन त्यास निरोप देणे.' खाली पहिली साक्ष अतिथिधर्माच्या एका ग्रंथातली,

'पाहुणा निघाला सकाळीं । बोळवूं निघाली घरमेळी । वोढा दिसे तंव पाउलीं । पाउल देती ॥'

आणि दुसरी सगुणाबाईंच्या पोथीतली,

'सखीतें बोळवूं गेली । वेशीपासोनि परतली । आपुल्याचि घरीं झाली । पारखी ते ॥'

घरमेळी म्हणजे घरची मंडळी आणि पारखी म्हणजे परकी, हेही त्याने बाजूला नोंदवले. पट्टी देखणी झाली होती. आचार्यांनी ती भिंगाखाली धरली, बराच वेळ धरली, आणि ठिपका न देता परत केली.

"अर्थ चुकला का?" शिष्याने विचारले.

"नाही."

"साक्षीत काही खोट आहे?"

"साक्षी दोन्ही खऱ्या आहेत. अर्थ मात्र तू पहिलीचाच दिलास."

शिष्याने दुसरी पट्टी केली. 'निरोप देणे, तसेच निरोपसमयी होणारा खेद.' ती परत आली. तिसऱ्या पट्टीत त्याने धातू, प्रत्यय आणि शेजारच्या दोन भाषांतली रूपे घातली. ती तर आचार्यांनी अर्धी वाचूनच परत दिली. चौथ्या वेळी त्याने तिसरी साक्ष शोधून आणली. आचार्य म्हणाले, "साक्षीदार वाढले म्हणून साक्ष ऐकू येते असं नाही."

शिष्य चिडला. भाद्रपद सरत चालला होता. आचार्यांना आता भिंगातूनसुद्धा एकेक पट्टी वाचायला आधीच्या दुप्पट वेळ लागत होता. चाळीसेक पट्ट्या उरल्या होत्या आणि त्यांत ही एक अडून बसली होती. सगळा कोश या एका शब्दापायी अधुरा राहणार, आणि तो आपल्या हातून राहणार, या विचाराने तो रात्री उठून उरलेल्या पट्ट्या पुन्हा मोजी.

सगुणाबाईंची पोथी उतरवून झाली. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी बासन बांधले, आचार्यांपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "ही राहू दे इथंच. माझ्यामागं तिला उघडणार कोण? इथं निदान कोणी तिला काही विचारतं तरी."

आचार्यांनी दोन्ही हात जोडले. मग वहाणा घालण्यासाठी ते उठले, भिंतीला धरून क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. शिष्याला वाटले, थकले असतील. पण त्यांनी भिंग पुसले, पेटीत ठेवले, हिंगुळाची वाटी झाकली, उरलेल्या सगळ्या पट्ट्या त्याच पेटीत घातल्या आणि पेटी बंद केली.

"आज बाईंना बोळवायला तू जा," ते म्हणाले. "त्या पलीकडे दिसेनाशा होईपर्यंत फिरू नकोस. तू परत येईपर्यंत मी एकही पट्टी पाहणार नाही."

दसरा हाकेच्या अंतरावर. डोळ्यांत जेमतेम चार दिवसांचा उजेड, आणि हे उजेड असताना पेटी बंद करून बसणार. गुरूपुढे वाद घालायची सवय नव्हती, म्हणून त्याने मनातला राग पायांत उतरवला आणि भराभर चालू लागला.

सगुणाबाई मागे पडल्या. मग त्याला थांबावे लागले. बाई एका हातात गाठोडे घेऊन येत होत्या. दुसरा हात कोपरात वाकलेला, छातीशी धरलेला होता. येताना त्या हातात पोथी होती. आता पोथी नव्हती, पण हाताला ते अजून कळले नव्हते. शिष्याने हे पाहिले आणि गाठोडे आपल्याकडे घेतले.

थोडे चालल्यावर सगुणाबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आमचे हे वाचायला बसले की दिवा मी धरायची. ओळ संपली की जरा थांबायचे. मला कळलं का बघायचे. मग पुढं."

शिष्याच्या कानाला बाईंच्या बोलण्याची धाटणी वेगळी वाटली. त्याने गाठोडे खाकेत धरले, कमरेचा कागद काढला, लेखणी काढली. "जरा सावकाश म्हणा, बाई. लिहून घेतो."

"लिही बाबा," सगुणाबाई म्हणाल्या. "पण वाटेत दगड आहेत. पाऊल चुकेल."

त्याला ओशाळल्यासारखे झाले. त्याने कागद परत खोचला. थोडे पुढे गेल्यावर सगुणाबाईंनीच विचारले, "तू घरून निघालास तेव्हा तुला कोणी बोळवलं होतं का?"

"आई येते म्हणाली. मी म्हटलं, कशाला, ऊन आहे."

"मग नाही आली?"

"आली. वेशीपुढच्या चिंचेपर्यंत आली."

"मग?"

"मग मी निघालो. इकडे आलो."

"आणि ती?"

शिष्य घोटाळला. घर सोडून त्याला नऊ वर्षे झाली होती. "ती घरी गेली असेल," तो म्हणाला.

"असेल," सगुणाबाई म्हणाल्या.

ओढा आला. बाईंनी गाठोडे घेतले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तू थांब. मी मागं बघायची नाही हं. आमच्यात बघत नाहीत. जाणाऱ्यानं मागं पाहिलं की उभ्या माणसाचा पाय निघत नाही." मग लुगडे जरा वर खोचून त्या पाण्यात उतरल्या, दगडांवरून जपून पलीकडे गेल्या, चढ चढल्या. एकदा बाभळींच्या मधून त्यांची पाठ दिसली. मग दिसली नाही.

शिष्य परत फिरला.

वाट तीच होती. येताना ती कशी सरली हे त्याला कळलेही नव्हते, आणि आता ती सरता सरेना. येताना शेजारी एक माणूस होते, त्याच्यासाठी पाऊल आखडते घ्यावे लागत होते. आता आखडते घ्यायचे कारण नव्हते आणि तरी पाऊल लांब पडत नव्हते. त्याने शब्दांचा विचार करायचा प्रयत्न केला. त्याऐवजी त्याला चिंच दिसली, आणि चिंचेखालून वळून गावाकडे निघालेली आई दिसली. प्रत्यक्षात त्याने ती कधी पाहिली नव्हती. तो पुढे निघाला होता, त्याला पोथ्या होत्या, आचार्य होते, सगळे आयुष्य पुढे मांडलेले होते. ती त्या उन्हात तेवढीच वाट उलटी चालली असेल. वाटेत कोणी विचारले असेल, 'गेला का?' तिने 'गेला' म्हटले असेल. घरी येऊन तिने त्याचे उष्टे ताट उचलले असेल. नऊ वर्षांत हे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते. तो वाटेकडेच्या बांधावर बसला आणि रडला. बरीच वर्षे तो रडला नव्हता, त्यामुळे त्याला ते नीट जमलेही नाही.

घरी आला तेव्हा आचार्य तसेच बसले होते, पेटी मांडीशी. शिष्याने पाय धुतले, कोरी पट्टी घेतली, लिहिले आणि मोठ्याने वाचले, "बोळवण : जाणाऱ्याबरोबर पाण्यापर्यंत चालत जाणे, आणि तेवढीच वाट एकट्याने परत येणे."

आचार्य म्हणाले, "पोथ्या बहुतेक जाणाऱ्याची हकीकत सांगतात, कारण पुढे काय झालं ते ऐकायला लोक बसलेले असतात. मागे फिरलेल्याची एखादीच ओळ येते. ती तू लिहून घेतली होतीस, पण त्या परतीच्या वाटेनं चालला नव्हतास. आपल्या वाडवडिलांनी एवढी पायपीट का करून घेतली असेल, सांग बरं. दारातून हात जोडले असते तरी निरोप पोचला असता. पण दारातून निरोप दिला की सगळं एकटेपण पाहुण्याच्या पदरात पडतं. ओढ्यापर्यंत गेलं की त्यातलं निम्मं आपण उचलून परत आणतो. माझा मुलगा या ओढ्यावरून गेला. चार पत्रं आली, मग थांबली. त्या दिवशी मी परत फिरलो तो अजून घरी पोचलो आहे असं मला वाटत नाही. पण त्याच्या वाटणीचं निम्मं तरी त्याला वागवावं लागत नसेल, एवढ्यावर माझं चाललं आहे."

त्यांनी पेटी उघडली, हिंगुळात बोट बुडवले आणि पट्टी चाचपत कोपरा शोधला. ठिपका थोडा आत पडला. शिष्याने तो तसाच राहू दिला आणि पट्टी दोऱ्यात ओवली.

उरलेल्या पट्ट्या तीन दिवसांत झाल्या. शिष्य वाची, आचार्य ऐकत, अडले तेवढेच भिंग धरत. वैद्यांचे बोलणे खरे ठरले. दसऱ्याला कोश पुरा झाला, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी आचार्यांनी विचारले, "अजून उजाडलं नाही का?" ऊन तेव्हा ओसरीवर आले होते. शिष्याने सांगितले, "उजाडलं आहे, आचार्य." ते "बरं" म्हणाले. शेजारच्या घरून दोन वेळचे ताट येण्याची व्यवस्था होती, त्यात काही उणे नव्हते. घर मात्र एकदम मोठे झाल्यासारखे वाटू लागले.

पुढे काही दिवसांनी शिष्य म्हणाला, "आईला भेटून यावं म्हणतो."

"जा. जायलाच हवं," आचार्य म्हणाले, आणि उठून वहाणा शोधू लागले.

शिष्याने फार विनवले. आचार्य ऐकेनात. एका हातात काठी, दुसरा हात शिष्याच्या खांद्यावर, असे ते ओढ्यापर्यंत आले. तिथे शिष्य थांबला. खांद्यावरचा हात काढून घेतला की हा माणूस डोळ्यांवाचून अर्धा कोस एकटा चालणार, हे त्याला दिसत होते. "मी आपल्याला घरी पोचवतो आणि मग निघतो," तो म्हणाला.

"म्हणजे मला पुन्हा तुला बोळवायला यावं लागेल," आचार्य म्हणाले आणि हसले. "वाट माझ्या पायांना पाठ आहे. तू नीघ. मागं पाहू नकोस."

शिष्य पाण्यातून पलीकडे गेला. चढ चढला. बाभळींच्या आड, जिथून तो दिसला नसता, तिथे तो उभा राहिला. रीत मोडायची नव्हती, म्हणून त्याने मान वळवली नाही. पाण्याकडे पाठ करून तो नुसता ऐकत राहिला. काठी दगडावर वाजत होती. थोडी थांबे, पुन्हा वाजे. लांब लांब जात होती. मग ऐकू येईनाशी झाली. त्यानंतर आचार्यांना ओसरीपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तो आणखी तिथेच उभा राहिला, आणि मगच आईच्या गावाची वाट चालू लागला.

कोणी आपल्याबरोबर चार पावले आले असेल, तर त्याला चार पावले परतही जायचे असते, एवढे निघणाऱ्याने ध्यानात ठेवावे.